खरजेच्या फोडातलं औषध आणि कानटोपीतला माणूस

या वेळच्या पत्रांत चार पत्रं एकाच विषयाची निघाली : रोगापासूनच केलेली होमिओपॅथिक औषधं, म्हणजे नोसोड. बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून या चौघांनाच उत्तरं देते आहे.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या थोरल्या बहिणीला चार वर्षांपासून अंगभर खाज सुटते. तिच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी या वेळी 'सोरिनम २००'ची एकच पुडी दिली. मी त्याबद्दल वाचलं, तर ते खरजेच्या फोडातल्या पाण्यापासून करतात असं कळलं. आम्हा दोघींना किळस आली आणि भीतीही वाटली. हे खरं आहे का? या पुडीतून खरूज होईल का? आणि ज्या रोगाची घाण, तीच त्याचं औषध कशी?

उत्तर : किळस आली हे मोकळेपणानं लिहिलंत ते बरं केलंत. शिकत असताना सोरिनमची बाटली पहिल्यांदा हातात आली तेव्हा मीही ती घाईनं खाली ठेवली होती.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. सोरिनम खरजेच्या फोडातल्या पूमिश्रित द्रवापासून तयार होतं. रोगाचा स्राव, रोगट पेशी किंवा रोगजंतू यांच्यापासून केलेल्या अशा औषधाला नोसोड म्हणतात. ग्रीक भाषेत 'नोसोस' म्हणजे रोग. कॉन्स्टन्टाइन हेरिंग या जर्मन डॉक्टरांनी हा शब्द रूढ केला. दक्षिण अमेरिकेत सुरिनामला असताना त्यांनी सापाच्या विषापासून लॅकेसिस हे औषध आणलं होतं, पुढे त्यांचं लक्ष रोगांच्या विषाकडे वळलं. त्याच सुमारास, १८३३ मध्ये, लाइपझिगचे पशुवैद्य विल्हेल्म लुक्स यांनी अँथ्रॅक्स झालेल्या जनावराच्याच रक्ताचा थेंब विरल करून त्या रोगावर द्यावा असं लिहिलं. म्हणजे ही कल्पना जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. जंतूंचा शोध त्यानंतरचा.

खरूज होईल का? नाही, या पुडीतून होणार नाही. मूळ द्रव आधी दुग्धशर्करेत तासन् तास खलतात. मग एक भाग औषध आणि ९९ भाग अल्कोहोल-पाणी एकत्र करून बाटलीला जोरात झटके देतात. ही झाली एक पायरी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तसंच. '२००' ही पोटेन्सी, म्हणजे असं दोनशे वेळा. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू बाटलीत उरण्याची शक्यता संपत येते. दोनशेव्या पायरीचं प्रमाण आकड्यात लिहायचं तर एकावर चारशे शून्यं द्यावी लागतील. त्या गोळीत पू नाही, खरजेचा किडा नाही, किड्याचं अंडंही नाही. साखर आहे.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनंही वाचायला हवा, आणि माझ्या पेशातले पुष्कळ जण तो वाचत नाहीत. ज्या कारणानं ही पुडी निर्धोक आहे, त्याच कारणानं तिच्यात खाज थांबवणारं काही असल्याचं दाखवता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन, कुठल्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. मी होमिओपॅथीची पदवी घेतली, ३४ वर्षं रोगी तपासले. हे लिहिताना मला जड जातं, तरी वाचकाला ते माझ्याकडूनच कळायला हवं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोरिनम हे 'खरजेवरचं औषध' म्हणून दिलं जात नाही. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८२८ मध्ये जुनाट रोगांवरचा ग्रंथ काढला. बहुतेक चिवट दुखण्यांच्या मुळाशी एक जुना दोष असतो आणि अंगावरची खाज ही त्याची बाहेरची खूण, अशी त्यांची मांडणी होती. त्या दोषाला त्यांनी 'सोरा' म्हटलं. खरजेचा किडा जोवान्नी बोनोमो यांनी १६८७ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं वर्णन केलं होतं, पण वैद्यकानं ते मनावर घेतलं नव्हतं. १८३४ मध्ये पॅरिसला सिमोन रेनुची या विद्यार्थ्यानं एका बाईच्या कातडीतून सुईनं तो किडा सगळ्यांसमोर काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. सोराची मांडणी त्याच्या सहा वर्षं आधीची.

मग सोरिनम द्यायचं कुणाला? मटेरिया मेडिकात, म्हणजे औषधांच्या लक्षणांच्या ग्रंथात, त्याचं लक्षणचित्र दिलेलं आहे. चित्र म्हणजे रोगाचं नाव नव्हे, एक अख्खा माणूस. तो सदा गारठलेला असतो. भर उन्हाळ्यात त्याला कानटोपी लागते. कातडी धुतली तरी मळकट दिसते. मध्यरात्री भुकेनं उठून काहीतरी खातो. अंथरूण उबदार झालं की खाज वाढते, रक्त येईपर्यंत खाजवतो. 'आता मी काही बरा होत नाही' हे त्याच्या तोंडी असतं. आणि सगळ्यात वेगळं लक्षण हे की दुखणं येण्याच्या आदल्या दिवशी त्याला विलक्षण बरं वाटतं.

असा माणूस मी पाहिलेला आहे. प्रॅक्टिसच्या सहाव्या वर्षी एक साठीचे गृहस्थ आले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि यांच्या कानांवर लोकरीची टोपी. मी त्यांना पाऊण तास ऐकलं. "डॉक्टर, डोकं धरायच्या आदल्या दिवशी मला इतकं छान वाटतं की ही घाबरते," ते म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या बायकोनं मान हलवली. रात्रीची भूक होती. अंथरुणातली खाज होती, दीड महिन्यापासून. बरं होण्याची आशा सोडलेली होती. माझं पेन थांबत नव्हतं. ग्रंथातलं पान खुर्चीत येऊन बसल्यासारखं वाटत होतं मला. सोरिनम २०० ची एक पुडी दिली आणि एका महिन्यानं बोलावलं.

महिन्यानं ते आले, सोबत सात-आठ वर्षांची नात होती. आजोबा बोलत होते आणि ती टेबलाच्या कडेला उभी राहून बोटांच्या बेचक्या खाजवत होती. मी तिचा हात हातात घेतला. बेचक्यांत बारीक पुटकुळ्या, मनगटावर केसाएवढ्या वळणदार रेघा. मग आजोबांचे हात पाहिले. तेच. घरातल्या पाचही जणांना खाज होती. त्या घरात खरूज होती. मी पाऊण तास त्यांची भूक, टोपी, निराशा सगळं विचारलं होतं, फक्त 'घरात आणखी कुणाला खाज आहे का' हे विचारलं नव्हतं. त्या एका महिन्यात ती नातीपर्यंत पोचली होती.

त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पर्मेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम, मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा एकदा. कपडे-चादरी गरम पाण्यातून. किडा मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, हे आधीच सांगितल्यामुळे कुणी धीर सोडला नाही.

ही गोष्ट इतकी लांबवली ती तुमच्या बहिणीसाठी. नोसोडचं चित्र ज्या रोगाच्या द्रव्यातून काढलं, त्या रोगाचे रंग त्या चित्रात मिसळलेले असतात. अंथरुणाच्या उबेनं वाढणारी रात्रीची खाज हे सोरिनमचं लक्षण आहे आणि खऱ्या खरजेचंही तेच पहिलं लक्षण आहे. म्हणून चित्र फार चपखल बसलं तर हरखून न जाता आधी तो मूळ रोगच नाही ना, हे पाहायचं. बहिणीच्या बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर, काखा नीट बघा. घरात आणखी कुणी खाजवतं का ते विचारा. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा आज कुणी खाजवत नसेल तरी डॉक्टरांना घरातली माणसं किती ते सांगा. आणि खरूज नसेल, तर चार वर्षांची अंगभर खाज साध्या कोरड्या कातडीपासून थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, मधुमेह, लोहाची कमतरता यांपैकी कशामुळेही असू शकते. रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत का, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. झाल्या नसतील तर याच आठवड्यात करा. पुडी घेतली असेल तर घाबरू नका, नसेल घेतली तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : मॅडम, मी २६ वर्षांचा आहे. क्षयापासून केलेल्या ट्यूबरक्युलिनम या नोसोडचं वर्णन वाचलं आणि थक्क झालो, अगदी माझंच आहे. एका जागी मन रमत नाही, सारखं कुठेतरी जावंसं वाटतं. जरा वारा लागला की सर्दी. भरपूर जेवतो तरी वजन कमीच होतंय. खिडकी उघडी लागते. कुत्र्यांची भीती वाटते. आजोबांना क्षय झाला होता. सध्या दोन-अडीच महिने खोकला आहे आणि संध्याकाळी अंग कोमट लागतं. या औषधाचा मोठ्या पोटेन्सीचा एक डोस स्वतःच घेऊ का?

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी सगळ्यात आधी वाचायला हवं होतं असं वाटलं, इतकं ते महत्त्वाचं आहे. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळची कणकण, घटतं वजन. हे पत्र वाचून बाजूला ठेवा आणि उद्याच थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या. रात्री घामानं उशी भिजते का, थुंकीत रक्त दिसतं का, हेही तिथल्या डॉक्टरांना सांगा. निकाल येईपर्यंत खोकताना तोंड झाका, मास्क वापरा, खिडकी उघडीच ठेवा. ती सवय आत्ता घरच्यांच्या फायद्याची आहे.

डोसाबद्दल नंतर बोलू, आधी हे औषध आलं कुठून ते ऐका. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं. १८९० मध्ये त्यांनी ट्यूबरक्युलिन हा जंतूंचा अर्क क्षयावरचा उपाय म्हणून पुढे आणला. रोगी लांबून लांबून बर्लिनला आले. तो उपाय फसला, काहींचा आजार उलट वाढला. तोच अर्क पुढे निदानाच्या कामी आला : हाताच्या कातडीत टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजतात ती मॅन्टू चाचणी. होमिओपॅथीत मात्र क्षयाच्या द्रव्यापासून औषध करणं कॉखच्या अर्काआधीच सुरू झालं होतं. न्यूयॉर्कचे सॅम्युअल स्वान ते देत होते. लंडनचे कॉम्प्टन बर्नेट यांनी बॅसिलिनम हा क्षयाचाच नोसोड वापरला आणि १८९० मध्येच त्यावर पुस्तक लिहिलं. त्या काळी क्षयावर कुणाकडेच गुणकारी औषध नव्हतं, म्हणून त्या माणसांना मी दोष देत नाही. आज औषध आहे.

तुम्ही वाचलेलं वर्णन सुंदर आहे, मलाही ते फार आवडतं. सतत बदल हवा असलेला, वाऱ्यासारखा माणूस. पण प्रवासाची ओढ, कंटाळा, सर्दी आणि कुत्र्याची भीती तुमच्या वयाच्या अर्ध्या मुलांत सापडेल. स्वतः हानेमान आपल्या 'ऑर्गनन' या ग्रंथाच्या १५३व्या सूत्रात सांगतात की औषध निवडताना ठळक, विरळा, वेगळी लक्षणं धरा, सर्वसामान्य लक्षणांकडे फारसं लक्ष देऊ नका. तुमच्या यादीत जे खरोखर वेगळं आहे, ते म्हणजे भरपूर खाऊनही उतरणारं वजन. त्याला थायरॉइड, मधुमेह आणि क्षय या तीन दिशांनी तपासावं लागतं. रक्तातली साखर आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी त्याच दिवशी करून घ्या.

आजोबांविषयी एक गोष्ट. क्षय रक्तातून नातवाकडे येत नाही, तो हवेतून येतो. जुने होमिओपॅथ घरातल्या क्षयाला वारशानं आलेला दोष समजत. आजोबा तुमच्या लहानपणी खोकत असतील आणि तुम्ही त्यांच्याजवळ झोपत असाल, तर जंतू तेव्हाच शरीरात शिरून इतकी वर्षं निपचित पडून राहिलेला असू शकतो. म्हणून आजोबांचा उल्लेख तुम्ही केलात ते उत्तमच केलंत. डॉक्टरांनाही नक्की सांगा.

निदान क्षयाचं निघालं तर साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाला नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, पहिले दोन महिने चार औषधं. काही आठवड्यांतच बरं वाटू लागतं आणि तिथेच पुष्कळ जण गोळ्या सोडतात. तसं झालं तर जंतू औषधाला निर्ढावतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच सांगितलं आहे की क्षयासारख्या आजारांवर होमिओपॅथीची शिफारस ती करत नाही. ट्यूबरक्युलिनमचा डोस तुम्ही घेऊ नका. त्या गोळीनं अपाय होईल म्हणून नव्हे; ती घेतल्यावर तुम्ही महिनाभर गुणाची वाट पाहत बसाल म्हणून. मी एका घरात महिनाभर वाट पाहिली होती, वरच्या उत्तरात वाचलंतच. तिथे खरूज होती. फुप्फुसाच्या बाबतीत मी कुणाला एक आठवडाही थांबू देत नाही.

निकाल काय आला ते कळवा. मी खरंच वाट पाहीन.

प्रश्न : ताई, आमच्या नातीला सव्वा वर्ष होईल. सून म्हणते की गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशींऐवजी त्याच रोगांचे नोसोड देऊन काम भागतं, आणि त्यांच्यामुळे तापही येत नाही. तत्त्व एकच आहे ना?

उत्तर : नाही. दोन्हींत रोगाचाच अंश वापरतात हे ऐकायला सारखं वाटतं, पण लशीत तो अंश मोजता येईल एवढा असतो. शरीर त्याला ओळखतं, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार करतं आणि ती रक्तात मोजता येतात. नोसोडमध्ये ओळखण्यासारखं काही उरतच नाही. कॅनडात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर याचीच चाचणी झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. होमिओपॅथिक 'लस' घेतलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडं वाढली नाहीत, नेहमीची लस घेतलेल्यांच्या वाढली. त्या देशात नोसोडच्या बाटलीवर 'ही लस नाही, लशीला पर्यायही नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते.

सुनेवर रागावू नका. बाळाला टोचलेलं कुठल्या आईला बघवतं? ताप येतो याची तिला धास्ती आहे, तर तो दिवस-दोन दिवसांचा असतो हे तिला समजावून सांगा आणि त्या रात्री बाळाला तुम्ही घ्या. पण लस चुकवू नका. गोवरचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. डांग्या खोकला तान्ह्या बाळाचा श्वास कोंडतो. माझ्या दोन्ही मुलांना सगळ्या लशी वेळेवर दिल्या आहेत, आणि त्या काळात मी रोज नोसोड हाताळत होते.

प्रश्न : मी होमिओपॅथीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नोसोडची लक्षणचित्रं एकमेकांत मिसळतात. लक्षात कशी ठेवावीत? तुम्ही कशी ठेवली?

उत्तर : मी घड्याळावर बसवली. मेडोऱ्हिनमचा (परम्याचा नोसोड) त्रास सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, सिफिलिनमचा (उपदंशाचा) सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. मेडोऱ्हिनम समुद्राकाठी सुखावतं, गुडघे पोटाशी घेऊन पालथं झोपतं, बोलता बोलता त्याचा धागा तुटतो. सिफिलिनम रात्रीच्या हाडदुखीनं जागं राहतं आणि पुन्हा पुन्हा हात धुतं. सडलेल्या मांसापासून केलेल्या पायरोजेनसाठी एकच दृश्य पुरतं : ताप आणि नाडी यांचा मेळ बसत नाही आणि रोग्याला अंथरूण दगडासारखं टोचतं. मात्र हे दृश्य समोर दिसलं तर पेन खाली ठेव आणि रुग्णवाहिका बोलाव. रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याचं ते चित्र असू शकतं, आणि तिथे वेळ तासांवर मोजतात.

परीक्षेत तुला चित्रं विचारतील, ती पाठ करच. रोग्यासमोर बसशील तेव्हा मात्र माझा केस पेपर वापरून बघ. त्या आजोबांनंतर मी तो नव्यानं छापून घेतला. डावीकडे लक्षणचित्राचे नेहमीचे रकाने. उजवीकडे, लाल चौकटीत, चार ओळी. घरात आणखी कुणाला आहे का. किती आठवडे झाले. वजन किती उतरलं. कोणती तपासणी झाली आहे, तारखेसह. ही चौकट भरल्याशिवाय मी मटेरिया मेडिका उघडत नाही. छापील नमुना हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर लिही, पाठवते.